दिल्लीच्या सर्व्हेवरून सीमाभागाचं मत ठरवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

वर्षातून दोन-तीनदा तरी कुठल्या ना कुठल्या चॅनलचा नाहीतर मासिकाचा देशाचा मूड सांगणारा सर्व्हे येतो, आज लोकसभा झाली तर कुणाला किती सीट, पंतप्रधान म्हणून कोण पसंत, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात त्याची मोठी बातमी असते. ती असायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या पुढं जे होतं त्याबद्दल लिहायचंय. आमचं बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात नंदगडला छोटं किराणा दुकान आहे, सकाळी पेपर आला की चार लोक तिथंच उभं राहून वाचतात, आणि अर्ध्या तासात बोलणं लोकसभेवरून सरळ तालुका पंचायतीवर येतं. "वारं कुठं हाय बघितलास न्हवं, आता समितीला मत घालून काय उपयोग, वाया जातंय." समिती म्हणजे आमची महाराष्ट्र एकीकरण समिती, कर्नाटकातला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी. हे मी एकाच्या तोंडून नाही, दर निवडणुकीच्या आधी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकते, आणि त्यातले बरेच जण मनानं समितीचेच असतात, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारे, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहायला जाणारे. सर्व्हे काढणाऱ्यानं खानापूरबद्दल एक अक्षर लिहिलेलं नसतं, तरी खानापूरचा निकाल लोक त्यातून वाचतात. मला वाटतं सीमाभागातल्या मराठी राजकारणाचं जे नुकसान चाललंय त्यातलं बरंचसं इथं होतंय आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी साधा हिशोब बघूया. देशभराच्या सर्व्हेत समजा ३० हजार लोकांना विचारलं. लोकसभेचे मतदारसंघ ५४३, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ५५ माणसं. बेळगाव मतदारसंघात विधानसभेचे आठ मतदारसंघ, म्हणजे एका विधानसभेला सात माणसं आली. आता बेळगाव दक्षिणमध्ये किंवा ग्रामीणमध्ये सात माणसांना विचारून तिथं समिती किती पाण्यात आहे हे सांगता येईल का? सर्व्हेवाले ते सांगतही नाहीत, ते राज्याचा किंवा देशाचा अंदाज देतात, त्यांच्या पद्धतीत ते बरोबर असेलही. पण आपण तो अंदाज घेऊन गावात येतो.

दुसरं म्हणजे समिती लढते ती जास्तीत जास्त चार-पाच जागांवर, कर्नाटकात एकूण जागा २२४. समितीला सगळी मिळून एक लाख मतं पडली असं धरा, तर २०२३ ला राज्यात साधारण पावणेचार कोटीच्या वर मतदान झालं होतं, त्याच्या तुलनेत हे पाव टक्का. राज्यातल्या दहा हजार लोकांचा सर्व्हे घेतला तर त्यात समितीचे पंचवीस लोक सापडणार, आणि तेही सर्व्हेवाला नेमका आमच्या भागात आला तरच. मग टीव्हीवर काय दिसतं, भाजप एवढे, काँग्रेस एवढे, जेडीएस एवढे, इतर एवढे. आम्ही त्या इतरमध्ये. खरं हीच पाव टक्का मतं चार जागांवर एकवटली की आमदार निवडून येतो, २०१३ ला समितीचे दोन आमदार आले, एक बेळगाव दक्षिणमधून आणि एक आमच्या खानापुरातून. त्या वेळचा कुठलाही राज्याचा तक्ता बघा, इतर म्हणूनच मोजलेलं असणार. मतांच्या टक्क्यावरून जागा काढायची जी पद्धत आहे ती राज्यभर पसरलेल्या पक्षासाठी आहे, एका पट्ट्यात घट्ट रुजलेल्या पक्षाला ती पकडूच शकत नाही, आणि लोकांना हे कुणी समजावून सांगत नाही.

बरं आमची अवस्था आणखी वेगळी. लोकसभेला सीमाभागातला मराठी माणूस तीन ठिकाणी वाटला गेलाय हे बेळगाव शहरातल्या लोकांच्याही पटकन लक्षात येत नाही. बेळगाव शहर आणि ग्रामीण बेळगाव लोकसभेत, निपाणी आणि यमकनमर्डी चिक्कोडीत, आणि आमचं खानापूर कारवारकडं, उत्तर कन्नड मतदारसंघात. म्हणजे माझा खासदार ठरवायला माझ्याबरोबर शिरसी, कुमठा, भटकळचे लोक मत घालतात. तिथल्या लोकांशी माझं भांडण नाही, त्यांचे प्रश्न त्यांना. पण लोकसभेच्या सर्व्हेत खानापूरचं मत शिरसी-कुमठ्याच्या मतात मिसळून जातं आणि सर्व्हेचा निकाल म्हणून जे परत येतं त्यात आमचं काहीच राहत नाही. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत, राज्यात बेंगळुरूच्या खालोखाल. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात मराठी मतं चार-पाच मतदारसंघांत आणि तीन लोकसभा क्षेत्रांत, त्यामुळं वरून बघणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

टीव्हीचं बघाल तर आमच्याकडं मुंबईची मराठी चॅनलं लागतात. त्यांच्या सर्व्हेत महाराष्ट्राच्या ४८ जागा, त्यात आम्ही नाही. बेंगळुरूच्या चॅनलवर कर्नाटकाच्या २८ जागा, त्यात आम्ही इतर. १९५६ ला राज्यं झाली तेव्हापासून आम्ही ज्या प्रश्नासाठी भांडतोय, ज्याच्यासाठी महाराष्ट्र सरकारनं २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा घातला आणि तो अजून तिथंच पडून आहे, तो प्रश्न दोन्हीकडच्या कुठल्याच सर्व्हेच्या यादीत नसतो. मतदानात कुठला मुद्दा महत्त्वाचा असं विचारतात तेव्हा महागाई, बेरोजगारी, भ्रष्टाचार, रस्ते, पाणी असे पर्याय देतात, आणि हे सगळे आमचेही मुद्दे आहेतच, महागाई काय आम्हाला सोडून जाते होय? पण ग्रामपंचायतीत उतारा, नोटीस, फॉर्म मराठीतून मिळावा हा मुद्दा त्या यादीत आला तर खानापूर आणि येळ्ळूरमध्ये त्यावर किती जण बोट ठेवतील हे बघायला मला फार आवडेल. विचारलंच नाही तर उत्तर कुठून येणार.

आता २०२१ ची गोष्ट आठवा. सुरेश अंगडी कोरोनानं गेले म्हणून बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक लागली, १७ एप्रिलला मतदान. त्याच वेळी बंगालची निवडणूक चालली होती, सगळी नॅशनल चॅनलं तिकडं, सर्व्हे तिकडचे, चर्चा तिकडची. बेळगावचं कुणी नाव घेत नव्हतं. इकडं बेळगाव महापालिकेसमोर कन्नडचा लाल-पिवळा ध्वज लावल्याचा राग ताजा होता. आणि समितीच्या तरुण उमेदवाराला, शुभम शेळके यांना, १ लाख १७ हजार मतं पडली! भाजपच्या मंगला अंगडी आणि काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांच्यातला फरक फक्त ५,२४० मतांचा होता, म्हणजे समितीनं घेतलेली मतं त्या फरकाच्या वीसपटीहून जास्त. त्या निकालानंतर दोन्ही मोठ्या पक्षांना मराठी मतदार म्हणजे काय ते नीट कळलं असणार.

मग २०२४ ला देशाची निवडणूक आली. तोच मतदारसंघ, तेच मतदार. महिनोन्‌महिने रोज रात्री चारशे पार होणार की नाही होणार, एवढीच चर्चा, सर्व्हेवर सर्व्हे. समितीचा उमेदवार होता, पण लाख सोडा, त्याच्या जवळपासही मतं गेली नाहीत. तीन वर्षांत मराठी माणसं बेळगाव सोडून गेली का? नाही गेली, तीच माणसं मत घालायला गेली होती, फक्त त्यांच्यासमोर प्रश्न दुसरा ठेवला होता. दिल्लीत कोण पाहिजे हा प्रश्न असेल तर समितीला मत देऊन त्याचं उत्तर देता येत नाही हे लोकांना बरोबर कळतं, त्यात त्यांचा दोष काही नाही. सगळं सर्व्हेमुळंच झालं असं मी म्हणणार नाही, पोटनिवडणुकीला राग दाखवायला लोक मोकळे असतात, समितीची तयारीही तेव्हा जास्त होती, हिंदुत्वाच्या मुद्द्यावर आमची तरुण पोरं कुठं ओढली जातात तेही आम्ही बघतोच. पण मतदानाच्या आधी महिनाभर माणसाला रोज एकच प्रश्न विचारत राहिलं तर तो बाकीचे प्रश्न बाजूला ठेवतो, एवढं तरी खरं.

कर्नाटकाचा मतदार तसा हुशार आहे, संधी दिली तर दोन निवडणुका वेगळ्या करून बघतो. जुन्या लोकांना आठवत असेल, डिसेंबर १९८४ ला लोकसभेला या राज्यानं २८ पैकी २४ जागा काँग्रेसला दिल्या आणि तीनच महिन्यांनी विधानसभेला रामकृष्ण हेगडेंच्या जनता पक्षाला १३९ जागा देऊन सरकार दिलं. आत्ताचं बघा, २०२३ ला विधानसभेला काँग्रेस १३५, आमच्या जिल्ह्यात १८ पैकी ११, आणि वर्षभरात लोकसभेला भाजप आणि जेडीएस मिळून १९. म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये कुणी लोकसभेचा सर्व्हे बघून विधानसभेचं भाकीत केलं असतं तर तो तोंडावर आपटला असता. विधानसभेचे एक्झिट पोलसुद्धा बऱ्याच जणांचे चुकले, त्रिशंकू येणार म्हणत होते. आणि देशाच्या सर्व्हेंचं तर काय सांगायचं, २००४ ला सगळे एनडीए म्हणत होते आणि आलं यूपीए, २०२४ ला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेऊन बसवलं आणि आले २९३, भाजप एकटी २४०. निकालाच्या त्या एका दिवसात सेन्सेक्स चार हजार पॉइंटच्या वर पडला, ज्यांनी आदल्या दिवशी एक्झिट पोल बघून शेअर घेतले त्यांचे पैसे गेले. पैसे गेले की माणूस बोंबलतो तरी. आमच्यासारख्यांचं त्याच सर्व्हेवर विसंबून गेलेलं मत पाच वर्षं परत येत नाही आणि त्याची कुठं नोंदही होत नाही.

आणि ही भीती आता आणखी वाढणार आहे, कारण एक देश एक निवडणूक. त्यासाठी नेमलेल्या कोविंद समितीचा रिपोर्ट मार्च २०२४ ला आला, डिसेंबरमध्ये घटनादुरुस्तीचं १२९ वं विधेयक लोकसभेत मांडलं, ते संयुक्त समितीकडं गेलं. लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी आली तर आमच्यासारख्या छोट्या पक्षाला त्या सर्व्हेच्या वाऱ्यात उभं राहणंच अवघड. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या अभ्यास करणाऱ्या संस्थेनं २०१५ मध्ये १९९९ ते २०१४ च्या निवडणुकांचा अभ्यास करून सांगितलं होतं की दोन्ही निवडणुका एकत्र असल्या तर मतदारानं दोन्हीकडं एकाच पक्षाला मत द्यायची शक्यता ७७ टक्के. आता ओडिशात २०१९ ला एकत्र निवडणूक होऊनही नवीन पटनायकांच्या बीजेडीनं विधानसभा जिंकली आणि लोकसभेत भाजपनं आठ जागा घेतल्या, म्हणजे लोक फरक करू शकतात हेही खरं. पण तिथं जवळपास वीस वर्षांचं सरकार होतं, मुख्यमंत्र्यांचा चेहरा होता, घरोघरी योजना होत्या, आणि तोच बीजेडी २०२४ ला लोकसभेत शून्यावर आला. आमच्या समितीकडं चेहरा कुठला, योजना कुठली? आमच्याकडं फक्त एक मागणी आहे आणि ती मागणी धरून राहिलेली माणसं आहेत.

जे सर्व्हे करायला येतात त्यांचंही एक सांगते. लोकसभेच्या आधी एक मुलगा टॅब घेऊन आमच्या दुकानाशी आला, हुबळीचा होता, स्वभावानं चांगला, उन्हातान्हात फिरत होता बिचारा. कन्नडमध्ये विचारायचा, समोरचा अडखळला की हिंदीत. मराठी त्याला येत नव्हती. पहिल्यांदा मला म्हणाला, घरात पुरुष माणूस कोण आहे का. म्हटलं मी आहे की, मला विचार. तर त्यानं दोन प्रश्न विचारले आणि मग आमचे मालक आल्यावर बाकीचे त्यांना विचारले. बाहेर कट्ट्यावर एक म्हातारबाबा बसले होते, आयुष्यभर समितीचे, सत्याग्रहात जेलात जाऊन आलेले. त्यांना त्यानं कन्नडमध्ये विचारलं, कुणाला मत देणार. बाबा म्हणाले, "सगळेच चांगले हायत." दुसऱ्यांदा विचारलं तर मान हलवून दुसरीकडं बघत बसले. त्या मुलानं काहीतरी दाबलं आणि पुढं गेला. तो गेल्यावर बाबा मला म्हणतात, "कोण कुठला, कुणी पाठवलंय कुणास ठाऊक, त्याला कशाला मनातलं सांगू? उद्या नाव लिहून कुठं द्यायचा." साहेब, ज्या भागात ‘महाराष्ट्र राज्य’ असा बोर्ड गावात लावला म्हणून २०१४ ला येळ्ळूरमध्ये पोलिसांच्या काठ्या बसल्या, त्या भागात अनोळखी माणसाला कन्नडमध्ये समितीचं नाव सांगायला माणूस कचरणारच. हे त्या सर्व्हेत कुठं धरलेलं असतं? त्या टॅबमध्ये बाबांचं मत काय म्हणून गेलं, सांगता येत नाही म्हणून की आणखी कुणाच्या नावावर, देव जाणे. आणि माझं तर अर्धंच गेलं.

फोनवरचे सर्व्हे तर त्याहून वाईट. रेकॉर्ड केलेला आवाज येतो, या पक्षासाठी एक दाबा, त्या पक्षासाठी दोन दाबा. समितीसाठी नंबरच नसतो. इतर पक्षांसाठी पाच दाबा, एवढंच.

हा सर्व्हे मतदाराच्याच डोक्यात बसतो असं नाही, पक्षाच्या आतही शिरतो, आणि खरं तर तिथंच तो जास्त घातक. कार्यकर्त्याला घरच्यांना तोंड द्यायचं असतं, कामधंदा असतो, गावातली कामं करून घ्यायची असतात. सर्व्हेत एक राष्ट्रीय पक्ष जिंकताना दिसला की तो हळूहळू तिकडं सरकतो, आमच्या तालुक्यात असं गाव नाही जिथं समितीत वाढलेला माणूस आज कुठल्या ना कुठल्या राष्ट्रीय पक्षाचा पदाधिकारी नाही. पैसे देणारे व्यापारीही तेच बघतात. राष्ट्रीय पक्ष आता इथं मराठी उमेदवारच देतात, मग लोक म्हणतात, माणूस आपलाच आहे की, पक्ष कुठला का असेना. निवडून आलेला तो माणूस बेंगळुरूत पक्षाचा आदेश बाजूला ठेवून सीमाप्रश्नावर किती बोलू शकतो हे आपल्याच पेपरच्या जुन्या अंकांत बघा.

महाराष्ट्रातही २०२४ ला हेच बघितलं. हिंगोलीत शिंदे सेनेच्या हेमंत पाटील यांची उमेदवारी जाहीर होऊन परत घेतली, यवतमाळ-वाशिमला भावना गवळींचं तिकीट कापलं, मित्रपक्ष भाजपचा सर्व्हे निगेटिव्ह आहे अशा बातम्या तेव्हा सगळीकडं होत्या. दोन्ही जागा शेवटी ठाकरे गटाकडं गेल्या. मोठ्या पक्षानं केलेला सर्व्हे, कुणी केला, कुठं केला, किती लोकांना विचारलं काहीच बाहेर येत नाही, आणि त्याच्या जोरावर छोट्या मित्राचा उमेदवार ठरतो. प्रादेशिक पक्षासाठी ह्याच्यापेक्षा वाईट दिवस कुठले? जेडीएसचं बघा, २०१८ ला ३७ आमदारांवर कुमारस्वामी मुख्यमंत्री झाले, २०२३ ला १९ वर आले, त्याच सप्टेंबरात एनडीएत गेले आणि २०२४ ला २८ पैकी तीन जागा लढायला मिळाल्या. दोन जिंकल्या, केंद्रात मंत्रीपदही मिळालं, त्यांच्या दृष्टीनं फायदा झाला असेल. पण स्वतःच्या राज्यात पंचवीस जागांवर उमेदवारच द्यायचा नाही असं ज्या पक्षाला कबूल करावं लागतं त्याच्या गावातल्या कार्यकर्त्यानं पाच वर्षं करायचं काय?

समितीला दोन शब्द बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण सर्व्हेला सगळा दोष देऊन आपण मोकळं व्हायचं हे मला पटत नाही. १९९६ ला याच बेळगावनं लोकसभेला ४५६ उमेदवार उभे केले होते. निवडून यायला नव्हे, दिल्लीनं आमच्याकडं बघावं म्हणून. देशभर नाव झालं, मतपत्रिका छापायची पंचाईत झाली, आणि त्याच वर्षी संसदेनं कायदा बदलून लोकसभेचं डिपॉझिट ५०० वरून १०,००० केलं. दिल्लीचं लक्ष कसं वेधायचं हे ज्या संघटनेला तेव्हा कळत होतं तिला आज स्वतःच्या चार मतदारसंघांत लोक काय म्हणतात ते कळत नाही. २०१८ ला दोन गट झाले, आमच्या खानापुरातच समितीच्या नावावर दोन-दोन उमेदवार, दोन्ही म्हणणार आम्हीच खरे. २०२१ च्या सप्टेंबरात महापालिकेची पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हांवर निवडणूक झाली, ५८ पैकी ३५ भाजपला गेल्या आणि जी महापालिका वर्षानुवर्षं समितीची होती तिथं समिती बोटावर मोजण्याएवढी उरली, तेही पोटनिवडणुकीत एवढी मतं घेतल्यावर पाचच महिन्यांत. ती मतं कुठल्या गल्लीतून आली होती, कुठल्या गावातून, बायकांची किती, पंचविशीच्या आतल्या पोरांची किती, हे कुणी मोजून ठेवलं होतं का? मोजलं असतं तर महापालिकेला कुठं जोर लावायचा ते कळलं असतं. २०२३ ला बेळगाव दक्षिणमध्ये समितीचा उमेदवार दुसऱ्या नंबरवर राहिला, म्हणजे जीव अजून आहे, पण कुठं आहे हे शोधायला नको?

माझं म्हणणं असं की समितीनं स्वतःचा सर्व्हे करावा. त्याला मोठी एजन्सी लागत नाही. आपल्या कॉलेजातली मराठी पोरं-पोरी घ्या, मतदार यादी घ्या, दर दोनशेवं नाव काढा आणि त्याच घरात जाऊन त्याच माणसाला मराठीत विचारा, घरात जो सापडेल त्याला नको. बाईचं नाव निघालं तर बाईलाच विचारा, नवरा शेजारी उभा असेल तर पाणी प्यायला आत पाठवा. चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायला सांगा म्हणजे कुणाला भीती वाटणार नाही. एका मतदारसंघात हजार-बाराशे लोकांना नीट विचारलं तर तीनेक टक्के इकडं-तिकडं सोडून खरं चित्र मिळतं, देशाच्या सर्व्हेतल्या सात माणसांपेक्षा तर नक्कीच. आणि उमेदवार कोण हेही त्यातूनच ठरवा, दोन गटांनी दोन नावं आणायची आणि शेवटच्या दिवसापर्यंत भांडत बसायचं हे बंद होईल. निकाल वाईट आला तरी छापा. लोकांना खोटं कळतं.

आता आपल्या पेपरकडं माझी मागणी. देशाचा सर्व्हे छापाल तेव्हा त्याच्या खाली एक छोटी चौकट द्या, एकूण किती लोकांना विचारलं, त्यात कर्नाटकातले किती, बेळगाव, चिक्कोडी आणि उत्तर कन्नड या तीन मतदारसंघांतले किती, कुठल्या भाषेत विचारलं, घरी जाऊन की फोनवर, कुठल्या तारखांना, बायका किती, आणि पैसे कुणी दिले. एजन्सीनं ही माहिती दिली नाही तर ‘दिली नाही’ असंच छापा, वाचणारा काय समजायचं ते समजेल. लोकसभेच्या सर्व्हेच्या बातमीशेजारी ‘जिल्ह्यात कुणाची हवा’ असली स्थानिक बातमी लावू नका, दोन्ही शेजारी आल्या की लोक एकातून दुसरं काढतात, मी रोज दुकानात बघते. मतदानाच्या आधीच्या ४८ तासांत ओपिनियन पोल टीव्हीवर दाखवायला बंदी आहे, एक्झिट पोलला शेवटच्या टप्प्याचं मतदान संपल्यावर अर्ध्या तासापर्यंत बंदी आहे, पण नेमके त्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर चॅनलचा लोगो लावलेले खोटे सर्व्हे फिरतात, मागच्या वेळी आमच्या महिला बचत गटाच्या ग्रुपवरसुद्धा आला होता, खानापूरचा आकडा घालून. त्या दिवसांत रोज पहिल्या पानावर दोन ओळी टाका की असा कुठलाही सर्व्हे झालेला नाही.

जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीची मुदत २०२१ लाच संपली, तेव्हापासून निवडणूक नाही, कारभार अधिकाऱ्यांकडं. कधीतरी ती लागेलच. त्या निवडणुकीत पंतप्रधान कोण हा प्रश्न नसतो, गावचा रस्ता, शाळेतल्या मराठी शिक्षकाची रिकामी जागा, पंचायतीतला कागद कुठल्या भाषेत, हे प्रश्न असतात. ती तारीख जाहीर झाली की आपल्या वार्ताहरांना जांबोटी, कणकुंबी, गर्लगुंजी, उचगाव, येळ्ळूर, कडोली, निपाणीकडच्या गावांत पाठवा, मराठीत बोलणारे पाठवा, आणि बायकांनाही विचारायला सांगा. आमच्या दुकानात आले तर चहा आहेच, कट्ट्यावरचे बाबाही तिथंच असतात, मराठीत विचारलं तर ते तासभर बोलतील.

आपली नम्र,
एक वाचक
नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव